चा मांडजो, मी येऊन राह्यलो

४ जानेवारी

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. साखर वाढली. शाळा सुटल्यावर घरी सरळ न येता रोज एक नवी गल्ली धरायची असं ठरवलं. वाशिममध्ये इतकी वर्षं काढली आणि मला शाळा, भाजीबाजार आणि घर एवढंच गाव माहीत. लाजच आहे म्हणायची.

आज शुक्रवार पेठेच्या मागे गेले. दवाखान्याच्या कुंपणाला लसीकरणाचं चित्र. बाई, कडेवर बाळ, नर्स, सुई. नेहमीचंच. पण कोपऱ्यात एक बकरी काढलीय. मान वाकडी करून सरळ आपल्याकडे बघते. नव्या सुनेचा स्वयंपाक तपासायला आलेल्या सासूसारखं तोंड. लसीकरणाशी तिचा काय संबंध? भर रस्त्यात एकटीच हसले. मागून एक सायकलवाला म्हणाला, "बाई, बाजूले सरका."

७ जानेवारी

दुसरी बकरी! पुसद नाक्याजवळ, 'पाणी वाचवा'च्या चित्रात. नळ, थेंब, हात जोडलेला माणूस आणि त्याच्या धोतरामागून तीच ती, मान वाकडी. म्हणजे एकच हात आहे हा. चित्रकाराचं नाव कुठेच नाही. माझ्यापुरतं नाव ठेवलं, बकरीवाला. ब.वा.

ब.वा.चा रंग भारी आहे. निळा असा लावतो की उन्हाळ्यातही गार वाटेल. माणसांचे हात मात्र सगळ्यांचे मोठे.

घरी आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, "बकरी कोनाची हाय पन?" मी म्हटलं, चित्रातली आहे. "मंग चित्रवाल्याच्या घरची असन," म्हणाली, आणि परत तुरीत.

१० जानेवारी

चार-पाच बकऱ्या जमल्या. फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, 'ओळखा पाहू, वाशिमचा बकरीवाला कोण?' हसण्याची चित्रं आली भराभर. का. सरांनी (काळे सर, आमचे मुख्याध्यापक नव्हेत, पण वागतात तसे) लिहिलं, 'बकरी शिकली प्रगती झाली'. मीही हसले. ते बरं केलं नाही असं आत्ता वाटतंय, पण तेव्हा वाटलं नव्हतं.

का. सरांचा नंतर फोन. व्यापारी मंडळाने 'सुंदर गल्ली' स्पर्धा ठेवलीय, अमरावतीहून परीक्षक येणार. गावातल्या सगळ्या भिंती बघून शुद्धलेखन तपासून द्यायला कोणीतरी हवं. "तुमच्याशिवाय दुसरं कोण, मॅडम?"

खरं आहे. गावातल्या लग्नपत्रिका छापायच्या आधी माझ्याकडे येतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला तांदळातल्या खड्यासारखी लागते. हो म्हटलं. हुरळले, खोटं कशाला बोलू.

१२ जानेवारी

का. सर भिंतींची माहिती द्यायला घरी आले. आई समोरच बसलेली. म्हणाली, "बसा नं बाप्पा. चा मांडून राह्यली." सर गालात हसले. कुठे शिकले कोण जाणे, पण पुण्याचं बोलतात.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, निदान बाहेरच्यांसमोर तरी 'चहा ठेवते' म्हणत जा. ती कप विसळत राहिली. मीही तिच्यासारखी इथून जवळच्या अनसिंग गावचीच. डी.एड.ला होते तेव्हा मुलींनी 'मले' वरून चिडवलं, तेव्हापासून जीभ घासूनपुसून घेतली. एवढं केलं त्याचा अभिमानच आहे मला.

१५ जानेवारी

दिवसभर खडू घेऊन फिरले. का. सर स्कूटरवर पुढे, मी मागे. 'पानी', 'मुलगि', 'सवच्छता', 'वृक्ष लावा वृक्ष जगवा' मध्ये 'व्रुक्ष'. खडूने गोल करायचं, वर बरोबर अक्षर लिहायचं, मंडळाची माणसं नंतर येऊन रंगवून जातील. सुखाचा दिवस. खोटं नाही, मला भारी मजा आली.

शेवटची भिंत रुळाच्या पलीकडे, वस्तीच्या टोकाला. सर म्हणाले सोडा ती, कोण जातं तिकडे. मी म्हटलं बघूया. आणि बरं झालं गेले! ब.वा.चं सगळ्यांत सुंदर काम तिथे आहे. एका लहानशा घराची रस्त्याकडची भिंत. लांबवर वळत गेलेला रस्ता, त्यावरून सायकलवर एक माणूस येतोय, हँडलला रंगाचे डबे लटकलेत, उन्हं कलती. अलीकडे उघडं दार आणि दारात बकरी. इथे मात्र ती आपल्याकडे बघत नाही. रस्त्याकडे बघते. कसलीच घोषणा नाही. खाली काळ्या रंगात एक ओळ:

चा मांडजो, मी येऊन राह्यलो

घराला कुलूप होतं. मी बराच वेळ उभी होते. सर हॉर्न वाजवत होते.

मग खडू काढला. एवढी भिंत, आणि परीक्षक अमरावतीचे. या ओळीला हसतील, मार्क कापतील. मला ते सहन झालं नसतं. 'चा'चं चहा. 'मांडजो'चं मांडा. 'राह्यलो'चं राहिलो. झालं. ब.वा.ला बक्षीस मिळो.

१८ जानेवारी

रुळापलीकडच्या भिंतीचं काम झालं, सरांनी फोटो पाठवला. चित्र तसंच, खालची पट्टी पांढरी डिस्टेंपर मारून वर नवी अक्षरं. सरळ, दुकानाच्या पाटीसारखी. 'चहा मांडा, मी येऊन राहिलो.'

नीटनेटकं दिसतंय. तरी काहीतरी कमी झाल्यासारखं. ओळ तोकडी वाटते.

२१ जानेवारी

आज कळलं.

स्वयंपाकघराच्या दाराला रंग आणायला बशीरभाईंच्या दुकानात गेले होते. मोबाइलवर बकरीचे फोटो दाखवले, म्हटलं तुम्ही गावातल्या सगळ्या पेंटरांना रंग देता, हा कोण? ते फोटो बघूनच हसले, मग हसायचे थांबले.

"ये तो अपना रामदास है. रामदास पेंटर. त्याचाच हात हाय, बकरी पाह्यली नं."

रामदास गेल्याच्या आधीच्या दसऱ्यानंतर हैदराबादला गेला. मोठ्या इमारतींचं रंगकाम. होळीपर्यंत फोन येत होते. मग बंद. बायकोचा भाऊ जाऊन आला तिथे. मुकादम म्हणाला, तो तर हिशोब करून निघाला, गावाकडे जातो म्हणाला. निघाला ते निघालाच. पोचला नाही. पुढची होळी आली आता.

मी रुळापलीकडची भिंत विचारली. बशीरभाई म्हणाले, ते त्याचंच घर. रोज संध्याकाळी कामावरून येताना गल्लीच्या तोंडावरून ओरडायचा, चा मांडजो, मी येऊन राह्यलो. सगळ्या वस्तीला माहीत. हैदराबादला निघायच्या आधी भिंतीवर काढून गेला. "बायकोले म्हने, आता लय दूर चाललो, आवाज नाई पोचनार. भिंत ओरडत जाईन तुले."

डबा घेऊन घरी आले. रंग लावला नाही.

रात्र होईस्तोवर कळत नव्हतं की नक्की काय बोचतंय. मग एकदम लक्षात आलं. आमच्याकडे 'येऊन राह्यलो' म्हणजे येतोय. वाटेत आहे. पोचतोच. आणि पुस्तकात 'येऊन राहिलो' म्हणजे आलो, मुक्काम केला, झालं गेलं. मी त्याच्या येण्याचा काळच बदलला. अर्ध्या अक्षराने.

परक्या गावच्या बाईकडून झालं असतं तर समजू शकले असते. मी अनसिंगची आहे. मला माहीत होतं. कानाला माहीत होतं, हाताने विचारलं नाही.

२३ जानेवारी

सहावीच्या वर्गात व्याकरण. काळ. पायल म्हणून एक मुलगी आहे, दुसऱ्या बाकावर, गप्प असते. तास संपल्यावर टेबलाशी आली.

"मॅडम, 'मी येऊन राहिलो' हा कोनता काळ?"

सवयीने तोंडातून निघून गेलं, भूतकाळ. आणि म्हटलं, 'कोणता' म्हण.

"कोणता," ती म्हणाली. मग उभीच. "मॅडम, ते आमच्या भिंतीवर लिवलं हाय. भूतकाळ म्हंजे होऊन गेलं. मंग माझे बाबा कवा आले व्हते?"

रामदासची मुलगी माझ्याच वर्गात. वर्षभर माझ्यासमोर बसते आणि मला माहीत नाही. हजेरीत आडनावाने हाक मारते मी सगळ्यांना.

मी खडू डब्यात भरायला लागले. घंटा झाली. देवाने वाजवली.

पुढे ती दारातून म्हणाली, आई रोज वाचून दाखव म्हणते. मी वाचलं तर म्हणते, असं नाही लिवलं त्यायनं, तू चुकून राह्यली. "पन मॅडम, तुमीच दुरुस्त केलं म्हने. मंग तेच बरोबर असन नं?"

२५ जानेवारी

गेले तिच्या घरी. सांगून टाकायचंच ठरवून. वाटेत चार वेळा मनात म्हणून पाहिलं.

शोभा (पायलची आई) आत्ताच कामावरून आली होती. डाळमिलमध्ये निवडायला जाते. मॅडम आल्या म्हणून पदर सावरला, खाटेवर चादर घातली, चहा. मला चहात साखर चालत नाही, तरी प्यायले. बशीत तांदळाचे दाणे, एक-एक कच्चे चघळत होती. म्हणाली, सवय हाय. "म्हनून तर ते मले बकरी म्हनते. सगळ्या भिंतीवर मलेच काढून ठेवलं. लोकं हासते, पन कोनाले काय माहीत, बकरी कोन हाय."

आणि मी ग्रुपवर. जाऊ दे, काय लिहू.

मग मला हात धरून बाहेर नेलं. भिंतीसमोर. "मॅडम, तुमी वाचा बरं. मले वाचता येत नाई. ते लोकं येऊन चुना मारून गेले, मंग नवं लिवलं. मी कामावर व्हती. पोट्टी वाचते तं काई भलतंच वाचते. तुमी मोठ्या शाळेच्या. तुमी सांगा, त्यायनं लिवलं तेच लिवलं नं?"

समोर स्वच्छ अक्षरांत 'राहिलो'.

मी वाचलं. "चा मांडजो, मी येऊन राह्यलो."

किती वर्षांनी तोंडातून आलं ते. आणि आलं तेही खोटं.

शोभाचं तोंड असं फुललं की मला बघवेना. "मले माहीतच व्हतं. पोट्टीच चुकली." आतून पायल बघत होती.

मी खोटारडी आहे. यापुढे एक ओळ लिहवत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. पायलचा एक गाल लाल. मैदानात माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "मॅडम, मी बरोबर वाचलं व्हतं."

शेजारी का. सर उभे होते. मी तिच्या शर्टाची गुंडी लावली आणि म्हटलं, रांगेत जा.

बस. याहून खाली कुठे जायचं राहिलंय?

२८ जानेवारी

परीक्षक येऊन गेले. निकाल आज. रुळापलीकडची भिंत दुसरी. 'आशय आणि भाषेची शुद्धता'. भाषेची शुद्धता! सरांनी स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या, म्हणाले याचं श्रेय मॅडमना. सगळ्यांनी वाजवल्या. प्रशस्तिपत्र चित्रकाराच्या घरी पोचवायचं, तेही मीच पोचवावं असं ठरलं.

पिशवीत आहे ते. पिशवी खुंटीला. खुंटीकडे बघत नाही.

३० जानेवारी

आईला सांगितलं. सगळं. खडू, काळ, खोटं वाचणं, पायलचा गाल. मला वाटलं समजूत काढेल. काहीतरी म्हणेल, जाऊ दे मंगे, तुझ्या मनात वाईट नव्हतं.

म्हणाली, "तू खडू फिरवला त्याच्या तीन दिस आधी मी त्या सरासमोर तेच तं बोलली व्हती. चा मांडून राह्यली. तवाच तू मले म्हनलं, असं बोलू नको." आणि मग, "तुले आमचं बोलनं समजते, मंगे. ऐकू येत नाई."

मी रडले. आईने डोळे पुसले नाहीत माझे. सांगितलं, उद्या नाही, परवा जा. उद्या अमावस्या आहे. रडताना हसू आलं. पाप धुवायलाही मुहूर्त.

१ फेब्रुवारी

गेले. प्रशस्तिपत्र नेलं नाही.

शोभा दाराशी भांडी घासत होती. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. भिंतीवर खडू मी फिरवला. तुम्ही कामावर होता. त्याने लिहिलेलं आता तिथे नाही. पायलने बरोबर वाचलं, मी खोटं वाचलं. तिला मारू नका, मला काय बोलायचं ते बोला.

हात थांबले नाहीत तिचे. राख, कढई, पाणी. मी वाट बघत होते, ओरडेल. शिव्या देईल. ते सोपं गेलं असतं.

शेवटी विचारलं, "काहून केलं असं?"

म्हटलं, अमरावतीचे लोक हसतील म्हणून.

"त्यायले हसू द्यायचं व्हतं. ते कोन लागते आमचे?"

मग मान वर केली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुमी अनसिंगच्या. तुमची माय बी असंच बोलते, पायल सांगे. तुमाले समजलं नाई असं कसं म्हनू मी? समजून राह्यलं व्हतं तुमाले."

हो. समजत होतं.

मी म्हटलं बशीरभाईंकडून दुसरा पेंटर आणते, जसं होतं तसं लिहून घेऊ, तुम्ही सांगाल ते. तिने मान हलवली. "लिवाल. पन अक्षर त्यायचं कुठून आनसान?" मग सांगितलं की तिला वाचता येत नव्हतं तरी ओळ ओळखू यायची. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढली होती त्याने, दाराच्या चौकटीपर्यंत. रोज कामाला निघताना त्या शेपटीवर हात ठेवून निघायची. नवी ओळ अलीकडेच संपते.

म्हणून तोकडी वाटली होती मला. मलाही दिसलं होतं. दिसून काय केलं?

निघताना ती म्हणाली नाही की परत या. मीही विचारलं नाही.

३ फेब्रुवारी

शाळेत पायल माझ्याकडे बघत नाही. वर्गात तिने वाचताना 'मले' वाचलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मॅडम आता थांबवणार. मी पुढचं वाच म्हटलं.

का. सर विचारत होते प्रशस्तिपत्र दिलं का. म्हटलं, त्यावर चूक आहे. "चूक? कुठे?" म्हटलं, माझी. त्यांना कळलं नाही, हसले. मग मी ग्रुपवर लिहिलं की बकरीवाला म्हणून मी ज्यांची थट्टा केली ते रामदास पेंटर, घरच्यांना त्यांचा पत्ता नाही, आणि त्यांच्या भिंतीवरचं मी बिघडवलं, दुरुस्त नाही केलं. कोणी काही लिहिलं नाही. एका बाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कशासाठी, कळलं नाही.

बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

५ फेब्रुवारी

पायल आज स्वतःहून आली. धावतच. मधल्या सुट्टीत, तोंडात पोळी.

"मॅडम, खालून काळं निघून राह्यलं!"

कशाचं काळं? तर शोभा भांडी घासते त्या जागी भिंतीवर पाणी उडतं. तिथली पांढरी पट्टी फुगून सुटतेय, तिच्याबरोबर वरची नवी अक्षरंही पापुद्र्यासारखी. आणि खाली जुना काळा रंग जसाच्या तसा. डिस्टेंपर पाण्याने जाते. त्याचा ऑईलपेंट जात नाही. बशीरभाईंना फोन करून विचारलं, ते म्हणाले, बरोबर हाय, चांगला रंग लावला त्यानं, माझ्याच दुकानचा.

मंडळाच्या माणसांनी स्वस्तातली डिस्टेंपर मारली. देव त्यांचं भलं करो.

पायलला विचारलं, आई मले येऊ देईल का? 'मले' लिहिलं वाटतं मी. असू दे. ती म्हणाली, विचारून सांगतो.

७ फेब्रुवारी

गेलो होतो, मी आणि आई. आई स्वतःच निघाली, पायात चपला घालून दारात उभी. "चाल. तू एकटी गेली तं परत शिकवायले लागशीन कोनाले."

शोभाने मला भिंतीला हात लावू दिला नाही. "तुमी नका लावू, मॅडम." रागाने नाही, साधंच सांगितलं, चुलीजवळ जाऊ नको सांगावं तसं. मी कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी आणायचं, ती ओल्या फडक्याने पुसायची, पायल नखाने पापुद्रे काढायची. हळू. जोरात घासलं तर खालचं खरवडेल ही भीती. भांड्यांच्या जागेपासून सुरुवात केली नाही तिने, पहिल्या अक्षरापासून केली. त्याने जिथून लिहिलं तिथून, म्हणाली.

आई खाटेवर बसून शोभाशी बोलत होती. कोणाची सोयरीक, कुठली विहीर, अनसिंगच्या बाजारात म्हैस कितीला गेली. भराभर, आमच्या बोलीत. शोभा दोनदा हसली. माझ्याशी आईच्या अशा गप्पा कधी झाल्या आठवेना. मी बादली भरून आणत राहिले. हात दुखले, ते बरं वाटलं.

'चा' आला. 'मांडजो' आला, जो-चा कान्यावरचा फटकारा बघून पायल ओरडली. लोक येऊन उभे राहिले. एका म्हाताऱ्याने सांगितलं, असाच ओरडे तो, तिकडून, त्या वळणावरून. सगळ्यांनी वळणाकडे बघितलं. मीही.

'मी येऊन' आलं. मग उजेड कमी झाला. पुढच्या शब्दाचा 'रा' निघाला, 'ह' निघाला अर्धा. त्यापुढे डिस्टेंपर घट्ट बसलीय, पाण्याने सुटेना. चौकटीजवळ, भांड्यांचं पाणी उडतं तिथे, शेपटीचं टोक तेवढं दिसतं. मधली नवी अक्षरं पुसली गेली, पण पांढरं तसंच.

शोभाने फडकं पिळलं. म्हणाली, "मॅडम, वाचा. आता हाय तेवढंच वाचा."

हाय तेवढंच. पायल माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एक-एक अक्षर बोटाने दाखवत वाचलं, दुरूनच, भिंतीला न लावता. "चा मांडजो, मी येऊन राह..." आणि थांबले. या शब्दात इथपर्यंत त्याचं आणि माझं सारखंच आहे.

पायलने विचारलं, "मॅडम, येवढ्यावरून काळ ओळखता येते का?"

म्हटलं, नाही. पुढचं अक्षर निघाल्याशिवाय नाही सांगता येत.

"मले येते," शोभा म्हणाली. फडकं दोरीवर टाकलं आणि चा मांडायला आत गेली.

उद्या शाळा सुटल्यावर परत जायचंय. बादली घरूनच न्यायची, त्यांची गळते.